न केलेल्या पराक्रमाची साक्ष



जुन्या करारातील शमुवेलचे दुसरे पुस्तक एका तरुणाच्या आगमनाने सुरू होते. गिलबोवाच्या डोंगरावर इस्राएलचा पराभव झालेला आहे. शौल राजा आणि त्याचा पुत्र योनाथान रणांगणावर पडले आहेत. फाटलेली वस्त्रे आणि डोक्यात माती अशा अवस्थेत एक अमालेकी तरुण सिकलाग येथे दावीदकडे येतो आणि सांगतो, की जखमी राजाने मला विनवले म्हणून मीच त्याला शेवटचा घाव घातला. पुरावा म्हणून तो राजाचा मुकुट आणि दंडावरचे कडे दावीदपुढे ठेवतो.

आता एकच पान मागे उलटा. पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात शौल आपल्याच तलवारीवर पडून मेला, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तिथे कोणी अमालेकी नाही. म्हणून अनेक भाष्यकार म्हणतात, की या तरुणाला राजाचे फक्त प्रेत सापडले असावे. मुकुट आणि कडे त्याने काढून घेतले आणि वाटेत चालता चालता गोष्ट रचली. शौल हा दावीदचा वैरी, तेव्हा त्याला मारणाऱ्याला दावीद मोठे बक्षीस देईल, असा त्याचा हिशोब होता. पण परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकल्याबद्दल दावीदने त्याला मृत्युदंड दिला. न केलेल्या कृत्याचा मान मागायला आलेला माणूस त्याच न केलेल्या कृत्याची शिक्षा भोगून मेला.

सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्यातील शनिवारी, एक वर्षाआड, हा उतारा मिस्सात वाचला जातो. मात्र त्यात या तरुणाच्या दाव्याच्या ओळी गाळलेल्या आहेत. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळखच झालेली नाही. आज ती करून देण्याचे कारण असे, की त्याचे वंशज आजही आहेत. सैन्यात कधीही नसताना माजी सैनिक म्हणून मिरवणारे, कधीही न मिळालेली पदके छातीवर लावणारे, एखाद्या आपत्तीत आपण लोकांचे प्राण वाचवले किंवा स्वतः मरता मरता वाचलो असे सांगणारे लोक अनेक देशांत उघडकीस आले आहेत. त्यांच्यावर हसणे सोपे आहे. पण ते नेमके काय चुकतात, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्यालाही आरशासमोर उभे राहावे लागते.

कायदा काय म्हणतो

२००७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पाणीपुरवठा मंडळाच्या एका बैठकीत झेवियर अल्वारेझ नावाच्या नवनिर्वाचित सदस्याने स्वतःची ओळख करून दिली. आपण मरीन दलात २५ वर्षे होतो, अनेकदा जखमी झालो आणि १९८७ साली आपल्याला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, असे तो म्हणाला. यातले काहीही खरे नव्हते. त्या देशात असे खोटे सांगणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा नुकताच आला होता. त्याच्यावर खटला झाला, पण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच रद्द केला. केवळ खोटे बोलला म्हणून शासनाने माणसाला शिक्षा करू नये, खोट्या बोलण्याला खऱ्या बोलण्याने उत्तर द्यावे, असा निकालाचा आशय होता. २०१३ साली नवा कायदा झाला. त्यानुसार खोट्या शौर्याच्या बळावर पैसा, मालमत्ता किंवा तसाच प्रत्यक्ष लाभ मिळवण्याचा हेतू असेल, तरच तो गुन्हा ठरतो.

आपल्याकडेही सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे म्हणून त्याचा गणवेश घालणे किंवा त्याची निशाणी बाळगणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या १४०व्या कलमात ते होते, आता भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमात आहे. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने. आणि पैशाचा प्रश्न आला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिलेच आहे. बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ज्यांनी निजामाच्या राजवटीत खरोखर लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगला, त्यांच्या रांगेत न भोगलेले लोक येऊन उभे राहिले. त्यामुळे खऱ्या वृद्धांनाही पुन्हा पुन्हा कागद दाखवून आपला भूतकाळ सिद्ध करण्याची वेळ आली.

पैशासाठी खोटे आणि मानासाठी खोटे असा हा फरक फार जुना आहे. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने तो आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या पुस्तकात मांडला. फुशारकी मारणाऱ्यांचे तो वर्गीकरण करतो. काहीच हेतू नसताना जो मारतो, तो दुष्ट नव्हे, पोकळ माणूस. मानासन्मानासाठी जो मारतो, त्याला फार दोष देता येत नाही. पैशासाठी जो मारतो, तो मात्र खरा कुरूप. आपले व्यवहारज्ञानही हेच सांगते. “कोणाचं काय घेतलं त्याने? बोलतो बिचारा, बोलू दे,” असे आपण म्हणतो.

खरेच कोणाचे काही घेतले जात नाही का?

जिने पैसे घेतले नाहीत

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर विमाने आदळली. त्यातून वाचलेल्यांनी पुढे एकमेकांना आधार देण्यासाठी एक संघटना उभारली. तानिया हेड नावाची एक स्त्री तिची अध्यक्ष झाली. ती सांगत असे, की मी दक्षिण मनोऱ्याच्या ७८व्या मजल्यावर होते, माझा हात भाजला, एका मरणाऱ्या माणसाने आपल्या पत्नीला देण्यासाठी लग्नाची अंगठी माझ्या हाती दिली. आणि तिचा होणारा नवरा त्याच सकाळी उत्तर मनोऱ्यात मरण पावला होता. विमान जिथे आदळले त्या मजल्यांवरून आणि त्यांच्या वरून त्या दिवशी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक जिवंत खाली आले होते. साहजिकच तिच्या शब्दाला मोठे वजन होते.

तिने कामही केले. वाचलेल्यांना त्या जागेवर जाता यावे म्हणून ती भांडली. रात्री झोप न येणाऱ्यांचे दुःख तिने ऐकून घेतले. पाहुण्यांना ती जागा दाखवताना तिने शहराच्या महापौरांनाही आपली गोष्ट सांगितली. सप्टेंबर २००७ मध्ये वृत्तपत्राने चौकशी केली, तेव्हा एकेक धागा सुटत गेला. जिथे ती काम करत होती असे सांगत असे, तिथे तिची नोंद नव्हती. ज्याला ती आपला जोडीदार म्हणत होती, त्याच्या कुटुंबाने तिचे नावही ऐकलेले नव्हते. पुढे कळले की तिचे खरे नाव वेगळे होते, ती स्पेनमधील बार्सिलोनाची होती, आणि त्या दिवशी ती न्यूयॉर्कमध्ये नव्हतीच. बार्सिलोनात तिचे उच्च शिक्षणाचे वर्ग चालू होते.

तिने संघटनेचा पैसा लाटला असे काही सिद्ध झाले नाही. म्हणून ॲरिस्टॉटलच्या मापाने पाहिले, तर तिला फारसा दोष देता येत नाही. त्यात तिने चांगले काम केले होते. मग तिच्या सोबत्यांना इतके तुटल्यासारखे का वाटले?

संत थॉमस अक्वायनस यांनी मान म्हणजे काय याची केलेली व्याख्या इथे मला उपयोगी वाटते. त्यांच्या मते मान देणे म्हणजे त्या व्यक्तीच्या ठायी असलेल्या चांगुलपणाची साक्ष देणे. मान ही मान घेणाऱ्याने स्वतः करण्याची गोष्ट नाही. ती दुसऱ्याने द्यायची साक्ष आहे. आपण माजी सैनिकाला पाहून उठून उभे राहतो, तेव्हा आपण शब्दाविना म्हणतो, “या माणसाने हे केले आहे, मी साक्षीदार आहे.”

आता खोट्या वीराने काय केले ते पाहा. तो एकटाच खोटे बोलत नाही. जो जो त्याच्यासाठी उभा राहतो, टाळ्या वाजवतो, मुलाला त्याच्या पाया पडायला सांगतो, त्या प्रत्येकाला तो नकळत खोटा साक्षीदार बनवतो. आठवी आज्ञा म्हणते, खोटी साक्ष देऊ नकोस. हा माणूस ती आज्ञा आपल्या हातून मोडवतो, तीही आपल्यातील सर्वात चांगली भावना, कृतज्ञता, वापरून. पैसे चोरणाऱ्याने खिशातला पैसा नेला, तर तो पुन्हा मिळवता येतो. पण एकदा कृतज्ञता अशी फसवली गेली, की पुढच्या वेळी खरा जखमी समोर आला तरी माणूस उठून उभे राहण्याआधी क्षणभर थांबतो. त्या थांबण्याची किंमत खऱ्या माणसाला मोजावी लागते.

त्याच ७८व्या मजल्यावर त्या सकाळी वेल्स क्राउदर नावाचा २४ वर्षांचा तरुण खरोखर होता. तो १०४व्या मजल्यावर समभागांच्या व्यवहाराचे काम करणारा नोकरदार होता आणि आपल्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात कोवळ्या वयापासून काम केलेला होता. तोंडावर लाल रुमाल बांधून त्याने जखमींना जिन्याची वाट दाखवली, एका बाईला पाठीवर घेऊन कित्येक मजले उतरला आणि पुन्हा वर गेला. मार्च २००२ मध्ये त्याचे शव मनोऱ्याच्या तळाशी अग्निशमन दलाच्या जवानांजवळ सापडले. त्याने काय केले, हे घरच्यांना ठाऊकच नव्हते. लाल रुमालवाल्या एका अनोळखी तरुणाने आम्हाला वाचवले, असे वाचलेल्यांनी सांगितले होते. ते वृत्तपत्रात वाचून त्याच्या आईने लेकराला ओळखले. तो लाल रुमाल त्याला लहानपणी वडिलांनी दिलेला होता.

तानिया हेडने आपल्या गोष्टीत या तरुणालाही गोवले होते. मलाही त्यानेच वाचवले, असे ती सांगे, आणि त्याच्या आईवडिलांना ती भेटलीही होती. त्या मातापित्यांना आपल्या मुलाच्या शेवटच्या तासातला एकेक क्षण सोन्यासारखा होता. त्यात एक क्षण खोटा मिसळला गेला. कोणाचे काही घेतले नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या आईची आठवण ठेवावी.

“लोकांनी ऐकावे म्हणून”

स्पेनमध्येच एन्रिक मार्को नावाचे गृहस्थ होते. हिटलरच्या फ्लॉसेनबुर्ग छळछावणीतून वाचलेला कैदी म्हणून ते वर्षानुवर्षे शाळाशाळांत बोलत. छळछावण्यांतील स्पॅनिश कैद्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी स्पेनच्या संसदेत भाषण केले. त्याच वर्षी मे महिन्यात, इतिहासकार बेनितो बेर्मेखो यांच्या संशोधनामुळे, ते त्या छावणीत कधीच कैदी नव्हते हे उघड झाले. १९४१ साली ते जर्मनीत कामगार म्हणून स्वेच्छेने गेले होते. २०२२ साली, वयाच्या १०१व्या वर्षी ते वारले.

त्यांनी दिलेला बचाव विचार करण्यासारखा आहे. मी सांगितलेले अत्याचार खरेच घडले होते, फक्त ते माझ्यावर घडले नव्हते. प्रत्यक्ष भोगलेल्याचे लोक अधिक ऐकतात, म्हणून मी तसे सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे खऱ्या गोष्टीसाठी खोटा साक्षीदार.

संत ऑगस्टिन यांनी या बचावाला सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. असत्याविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी खोटे बोलण्याचे आठ प्रकार केले आणि सर्वात गंभीर प्रकार म्हणून श्रद्धेची शिकवण देताना बोललेले खोटे पहिल्या क्रमांकावर ठेवले. कारण सरळ आहे. शिकवणारा एका ठिकाणी खोटा ठरला, की ऐकणारा विचारतो, उरलेले तरी कशावरून खरे? ज्या सत्यासाठी खोटे बोललो, त्याच सत्याचा पाया आपण उकरतो. छळछावण्या झाल्याच नाहीत असे म्हणणाऱ्यांच्या हाती एका खोट्या साक्षीदाराने जेवढे बळ दिले असेल, तेवढे त्यांना स्वतःला कधी मिळवता आले नसते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मार्को यांना जर्मनीतील कील शहरात नाझींनी खरोखर काही महिने तुरुंगात ठेवले होते. म्हणजे त्यांच्यापाशी स्वतःची एक खरी गोष्ट होती. ती लहान होती, थोडी गुंतागुंतीची होती, तिच्यावर टाळ्या पडल्या नसत्या. म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसऱ्याची मोठी गोष्ट अंगावर घातली. जगाने ज्याच्यावर प्रेम केले तो माणूस अस्तित्वात नव्हता, आणि जो अस्तित्वात होता त्याच्यावर प्रेम करण्याची संधीच त्यांनी कोणाला दिली नाही. खोट्या वीराचे सर्वात मोठे नुकसान हेच आहे. मिळालेला प्रत्येक हार दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात पडतो, आणि तो मात्र आत उघडाच राहतो.

याच्या उलट एक उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. जुलै १९४१ मध्ये आउश्विट्झच्या छावणीत उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले. त्यांतील फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक या पोलिश सार्जंटने बायकामुलांसाठी आक्रोश केला. तेव्हा संत मॅक्सिमिलियन कोल्बे त्याच्या जागी पुढे आले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी कोल्बे यांना मृत्यू आला. गायोव्हनिचेक १९९५ पर्यंत जगले. ते खरे सैनिक होते, छळछावणीतून खरोखर वाचलेले होते. पण आयुष्यभर ते जी गोष्ट सांगत राहिले, तिच्यात वीर दुसराच होता आणि ते स्वतः फक्त रडणारे होते. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोल्बे यांना संत घोषित केले, तेव्हा ते रोममध्ये उपस्थित होते. साक्षीदार असा असतो.

बर्नबासचे शेत आणि हनन्याचे शेत

नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी, बर्नबास आपले शेत विकतो आणि सगळे पैसे प्रेषितांच्या चरणी आणून ठेवतो. पाचव्या अध्यायाच्या आरंभी हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे आपली मालमत्ता विकते, काही पैसे मागे ठेवते आणि उरलेले ‘सगळे’ म्हणून आणून देते. दोघेही प्रेषितांसमोरच कोसळून मरतात.

लहानपणी मला ही शिक्षा फार कठोर वाटे. त्यांनी निदान काहीतरी दिले होते ना? पण पेत्र त्यांना काय विचारतो ते नीट वाचा. शेत तुझेच होते, विकल्यावर पैसेही तुझेच होते, असे तो म्हणतो. म्हणजे अर्धे देण्यात पाप नव्हते. काहीच दिले नसते तरी पाप नव्हते. त्यांना बर्नबासचे औदार्य नको होते, बर्नबासला मिळालेला मान हवा होता. आणि तो मान देणारी मंडळी म्हणजे पवित्र आत्म्याने एकजीव केलेले पहिले ख्रिस्ती कुटुंब होते. जिथे सगळे एकमेकांच्या शब्दावर विसंबून राहत होते, तिथे त्यांनी विश्वासालाच खोटी साक्ष द्यायला लावली.

सैन्यात न जाणे हे पाप नाही. महापुरात पोहता न येणे हे पाप नाही. भीतीने थिजून उभे राहणे हेही बहुधा पाप नाही. देव कोणाकडूनही न दिलेल्या धैर्याचा हिशोब मागत नाही. अर्धे शेत आणले असेल, तर अर्धे आहे म्हणून सांगावे, इतकेच.

दोरी धरणारा

इथपर्यंत दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. तेव्हा मी सेमिनरीत शिकत होतो आणि त्या दिवशी मुंबईच्या एका उपनगरात अडकलो होतो. समोरच्या बैठ्या चाळीत छातीइतके पाणी भरले. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका तरुणाने कमरेला दोरी बांधली आणि तो चार वेळा त्या पाण्यात गेला. एक म्हातारी आणि दोन मुले त्याने पाठीवरून बाहेर आणली. मी जिन्यावर उभा राहून आणखी दोघांसोबत दोरीचे दुसरे टोक धरले होते, आणि आलेल्यांना हात देऊन वर घेतले. माझा वाटा एवढाच.

सेमिनरीत परतल्यावर मी सांगितले, “आम्ही तिघांना बाहेर काढले.” ते खोटे नव्हते. पण मराठीत ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांत फार अंतर नाही. धर्मगुरू झाल्यावर प्रवचनात सांगताना कधीतरी ‘आम्ही’चा ‘मी’ झाला. पुढे दोरी माझ्या कमरेला आली. त्यानंतर म्हातारीचे वजनही माझ्या पाठीला जाणवू लागले. भाजीवाला गोष्टीतून निघून गेला. कोणी मला फसवायला लावले नव्हते. लोक भारावून ऐकत, इतकेच. या आपल्या वेदीवरूनही मी ती गोष्ट एकदा सांगितली आहे.

मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तिथली एक आई काही वर्षांपूर्वी भेटली. म्हणाली, “फादर, तुमची ती पुराची गोष्ट ऐकून माझा मुलगा अग्निशमन दलात गेला.” मी हसलो आणि “देवाची कृपा” म्हणालो. ते हसणे मला आजवर टोचते आहे. संत ऑगस्टिन यांनी ज्या खोट्याला पहिला क्रमांक दिला, त्याच्या अगदी जवळचे खोटे मी वेदीवरून बोललो होतो, आणि एक मुलगा त्याच्या भरवशावर आगीत शिरत होता. त्यातून चांगलेच निष्पन्न झाले, असे मी स्वतःला समजावून पाहिले. पण ते चांगले देवाने केले होते. मी केले होते ते खोटे.

प्रायश्चित्त संस्कारात मी ते माझ्या धर्मगुरूंपुढे ठेवले. पण आपला धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा मिळाली, तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच. म्हणून गेल्या महिन्यात मी त्या मुलाला फोन करून सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, दोरी धरणं हेसुद्धा आमच्यात कामच धरतात.” आणि लगेच त्याने विचारले, “पण त्या भाजीवाल्याचं नाव काय होतं?”

मला उत्तर देता आले नाही. मी त्याचे नाव कधी विचारलेच नव्हते. नंतर एकदा मी त्या भागात जाऊन आलो. चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे, आणि त्याला ओळखणारे कोणी मला भेटले नाही. त्याचा मान त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग आता माझ्या हाती नाही. म्हणून निदान तुमच्यापुढे, जिथे तो मान मी स्वतः घेतला तिथे, ही गोष्ट जशी घडली तशी लिहून ठेवतो आहे. तुमची क्षमा मागतो.

आपण काय करावे

दोन गोष्टी सुचवतो.

पहिली, ज्यांच्या गोष्टी वाढत गेल्या आहेत त्यांच्यासाठी. त्या सगळ्या युद्धाच्या किंवा पुराच्याच असतात असे नाही. आखातात असताना भोगलेले हाल, आजारी वडिलांची केलेली सेवा, संपाच्या काळात दिलेला लढा यांतही ‘आम्ही’चा ‘मी’ होतो. पुढच्या वेळी ती गोष्ट सांगाल, तेव्हा गाळलेल्या माणसाला परत आत घ्या. त्याचे नाव ठाऊक असेल तर नाव घ्या. तेवढ्याने अर्धी भरपाई होते. आपण लपून केलेले पाहणारा पिता आहे, असे प्रभू येशूने पर्वतावरील प्रवचनात सांगितले आहे. त्याच्या नजरेत दोरी धरणाराही असतो. संत इग्नेशियस खरे सैनिक होते, पाम्पलोनाच्या लढाईत १५२१ साली जखमी झालेले. तरी पुढच्याच वर्षी मोन्सेरातच्या मंदिरात त्यांनी आपली तलवार ठेवून दिली आणि उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली. स्वतःचा खरा पराक्रम न सांगण्यात असत्य नाही. न केलेला सांगण्यात आहे.

दुसरी, ज्यांना दुसऱ्याचे असे खोटे कळते त्यांच्यासाठी. कोणी खोट्या शौर्यावर पैसे गोळा करत असेल, निवृत्तिवेतन किंवा पद घेत असेल, तर गप्प बसू नका, योग्य ठिकाणी कळवा. पण लग्नाच्या मांडवात जुन्या लढाईच्या गप्पा मारणारा म्हातारा असेल, तर त्याला चारचौघांत उघडा पाडण्यात शौर्य नाही. योग्य कारणाशिवाय दुसऱ्याचा दोष जगजाहीर करणे हेही त्याच आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे, आधी एकट्याने, एकांतात. त्याच्याजवळ बसा. त्याने खरोखर काय केले ते विचारा, आणि ते लहान असले तरी लक्ष देऊन ऐका. बहुतेकदा ते आजवर कोणी ऐकलेले नसते, म्हणूनच तो दुसऱ्याची गोष्ट सांगत असतो.

या रविवारच्या मिस्सात मी त्या भाजीवाल्यासाठी प्रार्थना करणार आहे. त्याचे नाव देवाला ठाऊक आहे. तुमच्याही आठवणीत असा कोणी असेल, तर अर्पणाच्या वेळी त्याचे नाव मनात घ्या.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू